पिग्मीच्या गर्दीसाठी पोस्टग्रेसची टेबलं नीट लावताना: कामाच्या नोंदी

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी आणि निपाणी इथे शाखा असलेल्या एका सौहार्द पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सर्व्हर शहापूरच्या मुख्य कार्यालयात आहे, डेटाबेस पोस्टग्रेस १५. खाती चाळीस हजारांच्या घरात. त्यातली बारा हजार पिग्मीची, म्हणजे रोज दारात जाऊन घेतल्या जाणाऱ्या लहान ठेवींची, आणि ती गोळा करणारे ऐंशी एजंट. दिवसभर सर्व्हर निवांत असतो. संध्याकाळी सात ते साडेआठ या दीड तासात सगळे एजंट आपापल्या शाखेत येऊन मशीनमधल्या पावत्या चढवतात आणि तेव्हा सगळं अडकतं.

सीमाभागात अशा संस्था गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्यांची संध्याकाळ अशीच असते. म्हणून नोंदी सविस्तर ठेवतो आहे. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ त्यांचा जाऊ नये.

१९ सप्टेंबर २०२४

गणपतीची धांदल संपली, आज कामाला हात घातला. संध्याकाळी खानापूर शाखेत जाऊन बसलो. तिथले सगळ्यात जुने एजंट, सगळे त्यांना मामा म्हणतात, दीडशे पावत्या घेऊन आले. मशीन जोडलं, बटण दाबलं आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. "नुसतं गोल फिरालंय बघा दादा. रोजचंच हाय हे. घरात जेवायला थांबलेत."

त्यांचं चढवून व्हायला चहा पिऊन झाला तरी वेळ उरला. दीडशे ओळी म्हणजे खरं तर काहीच नाही.

संस्थेने नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवून ठेवलं आहे. मी त्यांना थांबायला सांगितलं, कारण त्याच वेळी सर्व्हरवर प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही जवळपास रिकामे होते. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (कुठलं सेशन आत्ता काय करतंय ती यादी) दर काही सेकंदांनी बघत गेलो तर निम्म्याहून जास्त सेशनच्या पुढे वेट इव्हेंटचा, म्हणजे कशासाठी थांबलंय त्याचा, प्रकार एकच: लॉक. कुणी काम करत नव्हतं, सगळे रांगेत उभे होते. रांगेत उभं राहणाऱ्यांना मोठा सर्व्हर देऊन उपयोग नसतो.

२१ सप्टेंबर

कोड वाचला. एका एजंटाच्या सगळ्या पावत्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात (शेवटी सगळ्या एकत्र पक्क्या, म्हणजे कमिट, होतात किंवा एकही नाही). प्रत्येक पावतीला तीन कामं: रोजकीर्दीत नवी ओळ, खात्याची शिल्लक अपडेट, आणि 'शाखा जमा' नावाच्या टेबलात त्या शाखेच्या आजच्या एकूण रकमेत भर.

तिसरं काम हीच गाठ आहे. शाखेची आजची ओळ एकच. मामांच्या पहिल्या पावतीने त्या ओळीवर लॉक घेतलं की दीडशेवी पावती जाऊन कमिट होईपर्यंत ते सुटत नाही. तोवर खानापूरचे बाकीचे सगळे एजंट बाहेर. म्हणजे ऐंशी एजंट एकाच वेळी काम करत आहेत असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात एका शाखेत एका वेळी एकच.

लॉगमध्ये डेडलॉकही, म्हणजे दोघांनी एकमेकांची वाट अडवल्याचे प्रसंगही, सापडले. काउंटरवरची रोख जमा आधी शाखेची ओळ धरते आणि मग खातं. एजंटांचं अपलोड आधी खातं, मग शाखा. दोघं समोरासमोर आले की पोस्टग्रेस एक सेकंद वाट बघतो (डेडलॉक_टाइमआउटचं मूळ मूल्य तेवढंच आहे) आणि एकाला काढून टाकतो. ज्याला काढलं त्याच्या पावत्या पुन्हा पहिल्यापासून.

२२ सप्टेंबर, रविवार

'शाखा जमा' टेबलच काढून टाकलं. व्यवस्थापकांना पडद्यावर एकूण रक्कम हवी असते, ती आता रोजकीर्दीतून बेरीज करून येते. शाखा आणि तारीख यांवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे, दिवसाच्या काही हजार ओळींची बेरीज डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. बेरीज करणं जड जात असेल तर शाखेमागे एकाऐवजी सोळा ओळी ठेवून प्रत्येक सेशनने त्यातली एक निवडायची, असाही मार्ग आहे. आम्हाला गरज पडली नाही आणि रोजकीर्द हाच खरा हिशोब असल्यामुळे दुसरी बेरीज वेगळी सांभाळणं मला मुळातच पटत नव्हतं.

लॉकचा क्रमही ठरवून टाकला: आधी खातं, तेही खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमाने. सगळीकडे तोच क्रम.

२४ सप्टेंबर

रांग गेली. एजंट खूश. पण आता खरोखर ऐंशी जण एकाच वेळी लिहायला लागले आणि दुसरीच गोष्ट वर आली. डिस्कवर लिहिण्याचं प्रमाण फार मोठं. चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवायची वेळ) आला की काही क्षण सगळं जड होतं. खात्यांचं टेबल हिशोबाने २६ एमबी असायला हवं, ते दीडशेच्या पुढे गेलेलं.

टेबल साठवण्याच्या सेटिंगचं काम इथून सुरू झालं. रांग न काढता फिलफॅक्टर (टेबल डिस्कवर ज्या पानांत साठतं ती किती टक्के भरायची ते सेटिंग) बदलत बसलो असतो तर काही दिसलंच नसतं. तुमच्याकडेही आधी लॉक बघा.

पिग्मीचं एक वेगळेपण लक्षात घ्यायला हवं. १९२८ मध्ये उडुपीत पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने ही योजना काढली, तेव्हा रोजचे दोन आणेसुद्धा दारात जाऊन घेतले जात. रक्कम लहान, पण रोज. डेटाबेसच्या भाषेत याचा अर्थ असा की त्याच ओळी रोज बदलतात. बचत खात्याची ओळ महिन्यातून दोनचारदा हलते, पिग्मीची रोज संध्याकाळी. आणि पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ पुसत नाही, नवी प्रत लिहितो. नवी प्रत त्याच पानावर बसली आणि कुठल्याही इंडेक्समधला कॉलम बदललेला नसला, तर इंडेक्सना हात लावावा लागत नाही. याला हॉट अपडेट म्हणतात. बसली नाही तर प्रत दुसऱ्या पानावर जाते आणि त्या टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद होते.

पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये एकूण अपडेट आणि हॉट अपडेट असे दोन आकडे मिळतात. आमच्याकडे शंभर अपडेटमागे हॉट चार-पाच.

२६ सप्टेंबर

खात्यांच्या टेबलाचं फिलफॅक्टर १०० वरून ८० केलं. म्हणजे पान भरताना पाचवा हिस्सा रिकामा सोडायचा. जुन्या खतावणीत प्रत्येक खात्यानंतर पुढच्या नोंदींसाठी कोऱ्या ओळी सोडत, तसंच. ही आज्ञा चालू कामात देता येते, वाचणं-लिहिणं अडत नाही.

संध्याकाळी फरक शून्य. सेटिंग फक्त पुढे भरल्या जाणाऱ्या पानांना लागू होतं. आधीची पानं जशी भरली आहेत तशीच राहतात. पानं नव्याने लिहायची तर व्हॅक्यूम फुल, आणि त्यात टेबल पूर्ण बंद राहतं, वाचताही येत नाही. रविवारपर्यंत थांबलो.

(आज पोस्टग्रेस १७ जाहीर झालं. या कामात आवृत्ती बदलणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.)

२९ सप्टेंबर, रविवार

व्हॅक्यूम फुल केलं. एवढ्या टेबलाला काही सेकंद पुरले. दीडशे एमबीचं टेबल ३५ च्या आसपास आलं.

३० सप्टेंबर

तरीही हॉट अपडेट तेवढेच. पानावर जागा आहे, तरी नाही. मग इंडेक्स एकेक करून वाचले.

पहिला गुन्हेगार लगेच दिसला: 'शेवटचा व्यवहार' या तारखेवर इंडेक्स. निष्क्रिय खात्यांच्या अहवालासाठी कुणीतरी कधीतरी केलेला. पण ही तारीख प्रत्येक जमेला बदलते, म्हणजे प्रत्येक अपडेट इंडेक्समधला कॉलम बदलतो, म्हणजे हॉट कधीच होणार नाही. अहवाल महिन्यातून एकदा, तोही रात्री निघतो. चाळीस हजार ओळी सरळ वाचायला एक क्षण लागतो. इंडेक्स काढला.

दुपारी काउंटरवर थोडे व्यवहार झाले, आकडा बघितला. अजूनही तसाच.

दुसरा शोधायला वेळ गेला, कारण त्याच्या कॉलममध्ये बदलणारं काही नव्हतं. इंडेक्स खाते क्रमांकावर होता, पण अर्धवट: 'जिथे शिल्लक ५०० पेक्षा कमी'. किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांच्या यादीसाठी. खाते क्रमांक बदलत नाही, पण अटीमध्ये शिल्लक आहे आणि अटीतला कॉलमही पोस्टग्रेस इंडेक्सचाच भाग मानतो. खातं पाचशेच्या वर असो की खाली, शिल्लक बदलली की हॉट नाही. हा इंडेक्सही काढला.

तुम्ही हे करत असाल तर इंडेक्सची नुसती नावं आणि कॉलम बघू नका. पूर्ण व्याख्या छापून घ्या आणि अटी वाचा. आवृत्ती १६ पासून फक्त ब्रिन प्रकारच्या इंडेक्सला यातून सूट आहे, बाकी सगळ्यांना हा नियम लागू.

संध्याकाळी आकडा पहिल्यांदा हलला. शंभरात तीसच्या आसपास.

२ ऑक्टोबर

गांधी जयंती, शाखा बंद. मोठं काम आजसाठी ठेवलं होतं: टेबल दोन भागांत तोडणं.

आमच्या खात्यांच्या टेबलात नाव आणि पत्ता मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही असतात. पासबुक दोन्ही लिप्यांत छापावं लागतं, ते बरोबरच आहे. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरी काय किंवा कन्नड काय, प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पंचवीस चिन्हांचं नाव दोन लिप्यांत दीडशे बाइट, साठ चिन्हांचा पत्ता दोन लिप्यांत ३६० बाइट. बाकीचं धरून ओळीत ६४० बाइटचा माल. त्यावर ओळीचं डोकं २४ आणि पानावरचा पॉइंटर ४. पान ८ केबीचं. म्हणजे एका पानावर बारा ओळी.

आणि मामांनी भाजीवाल्या अक्कांचे वीस रुपये जमा केले की बदलतो एक आकडा, पण नवी प्रत लिहिली जाते सगळ्या ओळीची. दोन्ही लिप्यांतलं नाव, दोन्ही लिप्यांतला पत्ता, रोज, बारा हजार वेळा. दोन केबीच्या आतल्या ओळींना पोस्टग्रेस वेगळ्या साठवणीत हलवत नाही, त्यामुळे त्यातूनही सुटका नाही.

शिवाय चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की सुरक्षेसाठी ते अख्खं पान वॉलमध्ये, म्हणजे बदल आधी जिथे नोंदवले जातात त्या वहीत, जातं. पानं जितकी जास्त, तितकं हे लिखाण जास्त.

आता 'खातेदार' टेबलात नाव-पत्ता आणि 'शिल्लक' टेबलात फक्त खाते क्रमांक, शाखा, प्रकार, रक्कम, तारीख आणि आवृत्ती क्रमांक. ओळ डोकं-पॉइंटर धरून ७६ बाइट. भरलेल्या पानावर १०७ ओळी, फिलफॅक्टर ८० ला ८५. कोडमध्ये बदल बरेच करावे लागले. जुनं नाव तेच ठेवून एक व्ह्यू केला, त्यामुळे अहवालांना हात लावावा लागला नाही. सकाळी सुरू केलेलं काम रात्री उशिरा संपलं, त्यातला बहुतेक वेळ पासबुक छपाई तपासण्यात गेला.

सगळ्या कामातला सगळ्यात मोठा फायदा कुठल्या एका दिवसाने दिला असेल तर आजच्या. वॉलचं लिखाण पाहताच कळत होतं.

५ ऑक्टोबर

चाचणी सर्व्हरवर पीजीबेंच, म्हणजे पोस्टग्रेसचा वेग मोजायचं साधन, चालवलं. ८० क्लायंट, प्रत्येक वेळी एक यादृच्छिक खातं, एक अपडेट, एक कमिट. हॉट अपडेट शंभरात नव्वदच्या वर. सगळ्यांना फोन करून सांगितलं की झालं.

७ ऑक्टोबर

नाही झालं. प्रत्यक्ष संध्याकाळी शंभरात पस्तीस-चाळीस.

एका एजंटाची खाती घेऊन प्रत्येक ओळीचं सीटीआयडी, म्हणजे पान क्रमांक आणि त्या पानावरची जागा, अपलोडच्या आधी आणि नंतर छापलं. आधी सगळी ओळीने: (४१,७), (४१,८), (४१,९). नंतर पहिली वीसएक ४१ व्याच पानावर राहिलेली आणि त्यापुढची (३८८,२), (३८८,३) अशी लांब उडालेली.

मग उलगडा झाला. जुन्या फॉक्सप्रोच्या सॉफ्टवेअरमधून खाती आणली तेव्हा ती एजंटनिहाय आणली गेली. म्हणून एका एजंटाची दीडशे खाती दोन पानांत सलग बसली आहेत. एजंट पावत्या चढवतो तेव्हा त्या पानावरची प्रत्येक ओळ बदलते, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. ट्रान्झॅक्शन कमिट होईपर्यंत जुन्या प्रती काढता येत नाहीत. ८५ ओळींच्या पानावर रिकामी जागा २२ प्रतींची. बाविसाव्या पावतीपर्यंत सगळं छान, तेविसावीपासून उडी.

पीजीबेंचमध्ये खाती चाळीस हजारांत विखुरलेली होती, त्यामुळे एका पानावर एका वेळी एखादंच अपडेट यायचं. चाचणीने खोटं सांगितलं नाही. तिला प्रश्नच वेगळा विचारला होता. तेव्हापासून मी चाचणीत मामांची खरी यादी वापरतो, पावत्यांच्या खऱ्या क्रमाने.

९ ऑक्टोबर

अपलोडचे तुकडे केले. पंचवीस पावत्या झाल्या की कमिट. मधेच नेटवर्क गेलं तर अर्ध्या पावत्या चढलेल्या राहणार, म्हणून एजंट, तारीख आणि पावती क्रमांक मिळून एक युनिक की रोजकीर्दीवर घातली. एजंटाने पुन्हा पाठवलं तर चढलेल्या पावत्या गुपचूप वगळल्या जातात आणि शिल्लकही दुसऱ्यांदा वाढत नाही. खानापूरच्या बाजूला पावसात नेटवर्कचा भरवसा नसतो, तिथे हे आधीच असायला हवं होतं.

प्रत्येक पावतीला कमिट का नाही? तसं केलं तर डिस्कवर पक्कं लिहिण्याची वेळ पावतीगणिक येते. सिंक्रोनस_कमिट बंद करून ते टाळता येतं, असं सुचवलं गेलं. मी ठाम नाही म्हटलं. ते बंद असताना लाईट गेली तर 'जमा झाले' असं सांगून झालेल्या शेवटच्या काही पावत्या नाहीशा होऊ शकतात. भाजी विकून दिलेले पैसे आहेत ते.

१० ऑक्टोबर

सात ते सव्वासात: हॉट अपडेट शंभरात नव्वदच्या जवळ. सव्वासातनंतर धाडकन खाली. काल रात्रीचे आकडे काढून पाहिले, कालही तसंच, त्याच मिनिटाला.

पंचवीसचा तुकडा कमिट झाल्यावर त्याच्या जुन्या प्रतींची जागा पुढच्या तुकड्याला मिळते, पण एका अटीवर: त्या जुन्या प्रती बघू शकेल असा कुणीही जुना ट्रान्झॅक्शन किंवा स्नॅपशॉट (एका क्षणाचं डेटाबेसचं चित्र) चालू नसावा. सव्वासातला असा कुणीतरी येत होता.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज यंत्रांची पूजा. सर्व्हरच्या कपाटाला झेंडूची माळ, कुंकू, पुढे नारळ. आज बदल काही करायचा नाही असं संस्थेने आधीच सांगितलं होतं आणि ते योग्यच होतं. नुसता लॉग वाचत बसलो.

सव्वासातला सुरू होतो तो पीजी_डम्प. पूर्ण बॅकअप एकाच स्नॅपशॉटवर घेतला जातो, म्हणून तो चालू असेपर्यंत त्यानंतर निकामी झालेली एकही प्रत साफ होत नाही. रोजकीर्द मोठी, बाहेरची डिस्क संथ, त्यामुळे अख्खी गर्दीची वेळ त्यातच जायची. वेळ सव्वासातची का, हे हेड क्लार्कना विचारलं. बॅकअपची डिस्क सुरक्षेसाठी ते रोज घरी नेतात आणि आठला निघतात. पद्धत चांगली आहे, ती मोडायची नव्हती. बॅकअप पहाटे चारला केला. संध्याकाळी नेतात ती पहाटेची प्रत, आणि दिवसभराचा वॉल वेगळ्या मशीनवर साठत राहतो.

१३ ऑक्टोबर, रविवार

'शिल्लक' टेबलाचं फिलफॅक्टर ५० केलं आणि पुन्हा व्हॅक्यूम फुल. याला आमच्याच ऑफिसात विरोध झाला, कारण बहुतेक ठिकाणी ७० ते ९० सांगितलेलं असतं. पण हिशोब बघा. ५० ला एका पानावर ५३ ओळी आणि ५३ प्रतींची जागा. म्हणजे पानावरची प्रत्येक ओळ एकदा बदलली तरी सगळं त्याच पानावर मावतं, मग साफसफाईला उशीर झाला तरी चालतं. पिग्मी दिवसातून एकदाच होते. आणि किंमत? चाळीस हजार ओळी, ७५५ पानं, सहा एमबी. रॅममध्ये कायम राहील एवढंसं टेबल. एवढ्यासाठी कंजूषी कशाला?

रोजकीर्दीला हे लावलं नाही. तिच्यात फक्त भर पडते, ओळ बदलत नाही, तिथे १०० च बरोबर. सगळ्या डेटाबेसला एकच आकडा लावणं म्हणजे जागा फुकट घालवणं.

१६ ऑक्टोबर

दोन संध्याकाळी उत्तम गेल्या, आज पुन्हा घसरण, सुरुवातीपासूनच. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत संकेश्वर शाखेचं एक सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', काल दुपारपासूनचं. काउंटरवर खात्याचा पडदा उघडला की आमचं सॉफ्टवेअर 'सिलेक्ट फॉर अपडेट' करून ओळ धरून ठेवत होतं आणि पडदा बंद होईपर्यंत सोडत नव्हतं. पडदा उघडा राहिला, संगणक रात्रभर चालू. त्या एका सेशनमुळे कालच्या संध्याकाळच्या सगळ्या जुन्या प्रती आज जागेवरच, आणि आजच्या प्रतींना जागा नाही.

क्लार्कचा यात काही दोष नाही. पडदा उघडा ठेवणं हे त्यांचं कामच आहे. आता पडदा फक्त वाचतो, आणि सेव्ह करताना आवृत्ती क्रमांक मधल्या काळात बदलला का ते तपासतो. शिवाय काउंटरच्या यूझरला आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट दोन मिनिटं.

२० ऑक्टोबर, रविवार

ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे निकामी ओळी आपोआप साफ करणारा. मूळ सेटिंगला तो केव्हा येतो: ५० अधिक ओळींचा पाचवा हिस्सा. चाळीस हजारांना ८,०५० निकामी ओळी. बारा हजार अपडेटच्या संध्याकाळी हा आकडा गर्दी ओसरताना गाठला जायचा. 'शिल्लक'साठी स्केल फॅक्टर (तो हिस्सा) ०, थ्रेशोल्ड (तो ठरावीक आकडा) २,०००. हॉट नीट चालू असेल तर पानं वापरतानाच साफ होत जातात आणि ऑटोव्हॅक्यूमला फारसं काम उरत नाही, पण बिघडलंच तर तो लवकर यावा.

रोजकीर्दीची गोष्ट उलटी. तिथे निकामी ओळी नसतात, पण साठ लाख ओळींच्या टेबलाला नव्या ओळींचा पाचवा हिस्सा म्हणजे बारा लाख ओळी होईपर्यंत व्हॅक्यूम येत नाही, आणि तोवर बेरजेच्या क्वेरीला इंडेक्सबरोबर टेबलही वाचावं लागतं. इन्सर्ट स्केल फॅक्टर ०, इन्सर्ट थ्रेशोल्ड ५०,०००.

चेकपॉइंट_टाइमआउट पाचावरून पंधरा मिनिटं. लाईट गेली आणि यूपीएसनेही दगा दिला तर परत उभं राहायला थोडा जास्त वेळ लागेल. व्यवस्थापकांना हे आधी सांगून त्यांची संमती घेतली.

३० ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. वर्षभराची पिग्मी काढायला लोक याच दिवसांत येतात. शहापूर-वडगावचे विणकर, मार्केटमधले भाजीवाले, शिंपी. एकाच दिवशी त्याच खात्यावर जमा, व्याज आणि परतफेड, म्हणजे एका ओळीला तीन-तीन अपडेट. ५३ प्रतींची जागा इथे पुरणार नाही असा अंदाज होता, पण व्यवहार लहान आणि झटपट संपणारे असल्याने जागा वेळेत मोकळी होत गेली. हॉट अपडेट ऐंशीच्या खाली आले नाहीत.

संध्याकाळी खानापूरला फोन केला. मामा पावत्या चढवून केव्हाच गेले होते.

नव्या सर्व्हरचं कोटेशन संस्थेने परत केलं. त्या पैशातून प्रत्येक शाखेला चांगला यूपीएस घ्यावा असं आम्ही लेखी सुचवलं आहे.

९ नोव्हेंबर

निपाणीच्या दुसऱ्या एका संस्थेतून विचारणा आली, त्यांच्याकडेही हाच त्रास. त्यांना पाठवलेला क्रम इथेही लिहून ठेवतो. आधी गर्दीच्या वेळी लॉकची रांग बघा आणि सगळे ज्यावर आदळतात ती ओळ काढा. मग इंडेक्सच्या पूर्ण व्याख्या, अटींसकट. मग रुंद ओळी तोडा. त्यानंतर एका एजंटाची खाती कुठल्या पानांवर आहेत ते सीटीआयडीने बघा आणि त्यावरून फिलफॅक्टर ठरवा. आमचा ५० हा आकडा उचलू नका. तुमची खाती विखुरलेली असतील तर ८५ सुद्धा पुरेल. बॅकअपची वेळ आणि उघडी सेशन रोज बघा, ती परत परत येतात.

आमच्याकडे दोन कामं बाकी आहेत. रोजकीर्द आर्थिक वर्षाप्रमाणे पार्टिशनमध्ये तोडायची आहे, ते ३१ मार्चचं काम आटोपल्यावर. आणि नवी पिग्मी खाती आता टेबलाच्या शेवटी येतात, एजंटाच्या जुन्या पानांवर नाही. एप्रिलमध्ये आकडे बघून पुन्हा लावायची की तशीच ठेवायची ते ठरवू. तोवर हॉट अपडेटचा रोजचा आकडा रात्री नऊला आमच्या ग्रुपवर आपोआप येतो. ऐंशीच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम तेच.